फिल्टरमधला गुलाल

देवाला मी आयुष्यात एकदाच वाईटसाईट बोललो, आणि तेही भर रस्त्यात. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगताना मी भक्ताचा आव आणतोय असं कुणाला वाटायला नको. आम्ही लिंगायत, घरात रोजची इष्टलिंगाची पूजा चुकत नाही, जोतिबावर आमच्या आईची अपार श्रद्धा, आणि मीही वर्षातून एकदा डोंगरावर जाऊन नारळ वाढवून येणारा माणूस. पण गारगोटीच्या बाजारपेठेत आमचं भुसार मालाचं दुकान, आणि माझी भक्तीही दुकानदाराचीच होती. मी इतकं केलं तर देवानं निदान इतकं तरी करावं, असा माझा सरळ व्यवहार होता. तो व्यवहार कसा मोडला, ते सांगतो.

शहाण्णव-सत्त्याण्णव सालातली गोष्ट. आमची थोरली मुलगी पारू तीन वर्षांची होऊन गेली तरी बोलेना. आई कर्नाटक सीमेकडची, तिला आम्ही अव्वा म्हणतो. ती म्हणायची, "बोलंल की. तिचा आज्जाबी उशिराच बोलला हुता." मग एकदा माझ्या हातून पितळी घागर फरशीवर पडली. सोप्यात झोपलेलं तान्हं बाळ किंचाळत उठलं, आणि दोन हातांवर पाठमोरी बसलेली पारू मात्र आपल्या खेळण्यातून हललीसुद्धा नाही.  कोल्हापुरात डॉक्टरांनी तपासलं आणि कानाला मशीन लावायला सांगितलं. तेव्हाचं मशीन म्हणजे छातीवर पिशवीत बांधायची काड्यापेटीएवढी डबी, आणि तिच्यातून निघून दोन्ही कानांत जाणाऱ्या वायरी. नुसत्या मशीननं भागणार नव्हतं. ऐकायला शिकवावं लागतं, आणि तेही पाच-सहा वर्षांच्या आत, नाहीतर पुढे फार अवघड जातं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई कोल्हापुरात होत्या. एकच खोली आणि दहा मुलं. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी दहाला. बाई स्वभावानं कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "तीन गैरहजेऱ्या झाल्या की तुमची जागा पुढच्या मुलाला. बाहेर चौदा मुलं थांबलीत." गारगोटीहून कोल्हापूर पन्नासएक किलोमीटर. सकाळची एसटी कधी वेळेत यायची, कधी वाटेतच भरून पुढे जायची. बायकोच्या पदरात तान्हं बाळ, त्यामुळे पारूला न्यायचं माझ्याकडे. पहिल्या पाच आठवड्यांत आमच्या दोन गैरहजेऱ्या पडल्या. दुसऱ्या वेळी अर्ध्या रस्त्यातून परत येताना पारू माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मी मनाशी ठरवलं की आता कुणाच्या वेळेवर अवलंबून राहायचं नाही.

दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज स्टँडच्या मागे होतं. मी मोटारसायकल घ्यायची म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "नवी घ्यायची ऐपत न्हाय, ते तुमच्या तोंडावरच दिसतंय आण्णा. जुनी घ्या. पर मी बघितल्याबिगर हात लावू नका," ते म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेवा. जुनी गाडी म्हंजी म्हातारी सासू. रोज इचारपूस केली तर गप ऱ्हाती." चार गाड्या त्यांनी बघताक्षणी मोडीत काढल्या. एक तर इतकी चकचकीत होती की मी भाळलो होतो. मिस्त्रींनी चाक हातानं हलवून बघितलं आणि म्हणाले, "रंग लग्नातला हाय, हाडं मसणातली."

पाचवी गाडी एका दूध संस्थेतून निवृत्त झालेल्या सुपरवायझरची. शंभर सीसीची, मीटरवर अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर. मिस्त्री मला घेऊन पहाटेच, न कळवता, त्यांच्या दारात हजर झाले आणि मालकाशी बोलायच्या आधी त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला. विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम करून ठेवतो, म्हणजे मग ती पहिल्या किकला उठते. हे इंजिन थंडगार होतं. तिसऱ्या किकला सुरू झालं, धूर पांढरा नव्हता. गोठ्याच्या भिंतीवर ऑइल बदलल्याच्या तारखा खडूनं लिहिलेल्या होत्या. "सायलेन्सर तेवढा फाटलाय," मिस्त्री म्हणाले, "बाकी म्हातारी खमकी हाय. घ्या." पैसे कसे उभे केले ते सांगत बसत नाही. गाडी दारात आली आणि तिच्या आवाजानं आमच्या बोळातली कुत्रीसुद्धा उठून बसली. भाऊ म्हणाला, "हे काय आणलंयस, भात भरडायचं मशीन?"

अव्वानं मात्र तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि येत्या रविवारी गाडी जोतिबाला न्यायची म्हणून सांगितलं. पारू पुढे टाकीवर, अव्वा मागे माझा सदरा मुठीत धरून, असे आम्ही निघालो. डोंगराची चढण म्हातारीनं दुसऱ्या गिअरवर, कुरकुरत का होईना, पार केली. वर पूजा झाली, नारळ वाढवला, चांगभलं झालं. मी हेडलाइटला गुलालाची पाच बोटं ओढली आणि मला वाटलं झालं. अव्वाचं समाधान होईना. तिच्या माहेरी दसऱ्याला ऑइल इंजिनाची पूजा व्हायची, तिथली तिची रीत. "काळीज आत असतंय मशिनचं. वरनं फासून काय हुतंय?" म्हणत तिनं बाजूच्या पत्र्याला हात घातला. त्या पत्र्याचं कुलूप मोडकंच होतं. आत काळी पेटी दिसली आणि पेटीला एक तोंड दिसलं. ते इंजिनानं श्वास घ्यायचं तोंड होतं, हवेचा फिल्टर. अव्वानं ओंजळभर गुलाल त्या तोंडात घातला, लहान मुलाला प्रसाद भरवावा तसा. मी अडवलं नाही. उलट तिला नीट हात पोचावा म्हणून पत्रा मीच धरून उभा होतो.

पुढचे दोन महिने मी त्या गाडीला जपलं तसं कुणी तान्ह्या वासरालाही जपलं नसेल. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद, तेव्हा अंगणात पोतं अंथरून बसायचं. चेन काढून रॉकेलमध्ये धुवायची, तिला ऑइल सोडायचं, ब्रेकच्या लायनर घासायच्या, प्लग काढून पॉलिश पेपर मारायचा. आठवड्याला तीनशे किलोमीटर त्या म्हातारीच्या पाठीवर होत होते आणि पारूची एकही गैरहजेरी पडली नव्हती. मला त्याची घमेंडच चढली होती म्हणा ना. मिस्त्रींनी बजावलं होतं, दर हजार किलोमीटरला फिल्टरचा फोम पेट्रोलमध्ये धुवायचा. मी एकदा पत्रा काढलासुद्धा. आत सगळं गुलालानं माखलेलं. हात पुढे होईना. देवाचा प्रसाद पेट्रोलमध्ये धुऊन गटारात सोडायचा कसा? मी हात जोडले आणि पत्रा जसाच्या तसा बंद केला. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा फिल्टर झाला म्हणून खोटंही सांगितलं. देवाच्या नावावर खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही, याचं आज नवल वाटतं.

इकडे वर्गात मात्र काही चांगलं घडत नव्हतं. बाई पारूच्या मागे उभ्या राहून टाळी वाजवायच्या, घंटा वाजवायच्या, तिचं नाव घ्यायच्या. बाकीची मुलं आवाज आला की वळायची आणि वाटीत एक मणी टाकायची. पारूच्या वाटीत कधी मणी पडला नाही. शेवटी बाई एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या कष्टांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मशीनमधून तिच्यापर्यंत काही पोचतंय की नाही, याचीच मला आता शंका आहे. अजून थोडे दिवस बघू." थोडे दिवस म्हणजे काय, ते न विचारताच समजलं. येताना मी गाडी सावकाश चालवली. पारू टाकीवर बसून दोन्ही तळवे पेट्रोलच्या टाकीवर दाबून ठेवायची, तिला त्या थरथरण्याची मजा वाटायची. गाडीवर मशीन मी काढून ठेवायचो, वाऱ्याचा आवाज त्यात फार घुसतो म्हणून. त्यामुळे गाडी तिच्या हातांना माहीत होती, कानांना नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी वाटेतला मुदाळतिट्टा मागे टाकून चार-पाच किलोमीटर आलो असेन. गाडी आधी गुदमरायला लागली, मग काळा धूर सोडला, मग गप्प झाली. मी किक मारल्या, मारतच राहिलो. प्लग काढून पुसला. पुन्हा किक. सदरा घामानं अंगाला चिकटला. नऊ वाजून गेले होते. भाड्यानं माणसं वाहणाऱ्या वडापच्या दोन जीपा माणसं लटकावूनच निघून गेल्या. तिसरी गैरहजेरी डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग पत्रा काढला. गुलाल, तेल आणि धूळ यांचा घट्ट लगदा होऊन फोमला बसला होता, हवा जायला जागाच नव्हती. आणि मग माझं तोंड सुटलं. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून मी मोठ्यानं बोललो, "तुझाच गुलाल आडवा आला व्हय रं? माझ्या पोरीच्या वाटेत दुसरं कोण न्हाय गावलं तुला?" त्यापुढे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पारू माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण चेहरा वाचता येत होता. ती घाबरून रडायला लागली, तेव्हा मी भानावर आलो.

बाईंचा एक नियम होता, गाडी थांबली की मशीन कानात, मग कुठेही असा. देवावर रागावलो होतो तरी बाईंचा धाक शिल्लक होता. मी पारूचे डोळे पुसले, पिशवी तिच्या छातीवर बांधली, वायरी कानांत घातल्या, बटण फिरवलं आणि तिला उसाच्या बांधाला सावलीत बसवलं. ती खडे वेचायला लागली.

तेवढ्यात उसातून एक पन्नाशीचा माणूस बाहेर आला. पाठीवर औषध फवारायचा पंप, अंगावर डाग पडलेला सदरा. त्यानं पंप उतरवला, हात धुतले आणि विचारलं, "काय झालं पावणं?" मी सांगितलं. सांगताना गुलालाचंही सांगून टाकलं, जरा रागातच. त्यानं वाकून फिल्टरमध्ये बघितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. त्यानं त्या काळ्या लगद्याच्या कडेचा, अजून लालसर राहिलेला चिमूटभर गुलाल बोटावर घेतला, कपाळाला लावला, "चांगभलं" म्हणाला आणि तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं. मग म्हणाला, "देवाचं देवाला पोचलं. आता गाडीचं गाडीला देऊया. पेट्रोल काढा थोडं."

माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात पेट्रोल घेऊन त्यानं फोम खळाखळा धुतला. मला दोन महिन्यांत जे धाडस झालं नव्हतं, ते त्यानं पाच मिनिटांत केलं. मग कार्बोरेटर सोडवला. मी पान्हे देत होतो. त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक लाल चिखलानं बंद झालं होतं. त्यानं टोपीच्या काठात खोवलेली केबलची एक बारीक तार काढली. "पंपाचं नोझल रोज असंच तुंबतंय. ही तार न्हाय सोडायची कधी," तो म्हणाला. जेट सूर्याकडे धरून त्यानं मला भोकातून दिसणारा उजेड दाखवला. सगळं परत बसवलं. ओला फोम तेवढा वाळायला बांधावर ठेवला आणि फिल्टरच्या पेटीचं झाकण न लावताच म्हणाला, "मारा किक."

दुसऱ्या किकला म्हातारी उठली. फिल्टर उघडा, सायलेन्सर फाटलेला, त्यात मी भरात येऊन ॲक्सिलरेटर पिळला. अख्खं शिवार दणाणलं. आणि पंधरा-वीस पावलांवर आमच्याकडे पाठ करून बसलेली पारू वळली.

मी गाडी बंद केली.  वाटलं, योगायोग असेल, आपण बघावं अशी इच्छा होती म्हणून दिसलं असेल. ती पुन्हा खड्यांकडे वळेपर्यंत थांबलो. मनात एकही शब्द नव्हता, प्रार्थनासुद्धा नव्हती. पुन्हा किक मारली. पारू पुन्हा वळली. या वेळी तिनं हातातला खडा टाकला, एका कानाला हात लावला आणि गाडीकडे बघत राहिली. तो माणूस मला म्हणाला, "पोरगी दचकली बघा. लई वाजतंय सायलेन्सर तुमचं, बदलून घ्या की." पोरगी काय आहे, कशी आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसलो आणि हमसून हमसून रडलो. तो बिचारा गोंधळला. "आवं, चालू झाली की गाडी. आता कशाला रडताय?"

आम्ही वर्गात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाईंनी गैरहजेरी लावून टाकली होती. मी धापा टाकत सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्या उठल्या. शांततेसाठी वर्गाच्या खिडक्यासुद्धा लावून घेणाऱ्या त्या बाई पारूला घेऊन रस्त्यावर आल्या, तिला पाठमोरी उभी केली, एका गोणपाटाच्या घडीवर, म्हणजे पायाला थरथर लागू नये. मला वीस पावलं मागे जायला सांगितलं. हात वर केला की गाडी सुरू, खाली केला की बंद. अकरा वेळा त्यांनी हे करायला लावलं. पारू नऊ वेळा वळली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. बाई माझ्याजवळ आल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाड आवाज पोचतोय तिला. घंटेचा नाही, टाळीचा नाही, जाड आवाज. मी चुकीच्या टोकानं सुरुवात केली होती." मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आजची गैरहजेरी लावलीय ती राहील. पण नियम माझाच आहे. आजपासून तो चार गैरहजेऱ्यांचा. आणि सायलेन्सर बदलू नका."

तो सायलेन्सर मी पुढे सव्वा वर्ष बदलला नाही. लोकांनी शिव्या घातल्या, भावानं हात टेकले. रोज सकाळी अंगणात पारूला पाठमोरी बसवायचं, गाडी सुरू करायची, ती वळली की वाटीत मणी. गाडीनंतर ढोल, ढोलानंतर डबा, मग माझा घोगरा आवाज, मग बायकोचा. हे लिहिताना सोपं वाटतं, पण एकेका पायरीला महिने लागले. मधल्या काळात म्हातारीचं इंजिन बोअर करून घ्यावं लागलं, क्लच प्लेट बदलल्या, एकदा भर पावसात चेन तुटली. गैरहजेरी पडली नाही. मिस्त्रींना मी फिल्टरचं खरं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "खोटं माझ्याशी चाललं आण्णा. इंजिनाशी चालत न्हाय." तेव्हापासून दर रविवारी आधी फिल्टर, मग बाकीचं. गुलाल हेडलाइटला, बोटभर. अव्वाला हे सगळं समजल्यावर तिला काडीचा पश्चात्ताप झाला नाही. "मग? म्या म्हटलं न्हवतं, आत पडल्याबिगर काय हुत न्हाय म्हणून?" तिच्याशी कोण वाद घालणार.

त्या माणसाला मी नंतर शोधून काढलं. घरी पेढे नेले, पारूला पायावर घातलं. त्याला ती सकाळ नीट आठवतही नव्हती. "जेट तुंबलं हुतं, काढलं. त्यात काय," एवढंच म्हणाला. मी त्यात देव बघतो, तो त्यात नोझल बघतो, आणि दोघंही बहुतेक बरोबर असू. चमत्कार झाला असं मी कुणाला पटवून देत नाही. मला एवढंच उमगलं की मी ज्याला शरण जाणं समजत होतो, ते काम टाळणं होतं. प्रसाद कपाळाला लावायचा आणि फिल्टर धुवायचा, दोन्ही आपणच करायचं. त्यानंतर रस्त्यात काय होईल ते देवावर सोडायचं. त्या सकाळी मी त्याला जे बोललो त्याची क्षमा मी रोज पूजेत मागतो. आणि गाडी तिथेच, त्याच बांधाला बंद पडली, म्हणून त्याचे आभारही मानतो.

गाडी बंद पडली त्याच्या पुढल्या वर्षी मार्गशीर्षातला एक रविवार. मी अंगणात पोत्यावर बसून चेन ताणत होतो. मागून कुणीतरी "आप्पा" म्हणालं. जाड, ओबडधोबड, पहिल्या अक्षरावर अडकलेला आवाज. मी मान वर केली नाही. शेजारची पोर तिच्या बापाला बोलवत असेल, असं वाटलं. बाळाच्या बोबड्या बोलाखेरीज मला त्या नावानं आजवर कुणी हाकच मारली नव्हती, मग ती माझी असेल असं वाटणार कसं? पुन्हा आवाज आला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अवं, तुमालाच बोलावतीया की."  मी वळलो. पारू उंबऱ्यावर उभी होती आणि मी वळलो की नाही ते डोळे मोठे करून बघत होती. हात ग्रीसनं काळे, पान्हा तसाच मुठीत, आणि मी माझ्या लेकीच्या हाकेला ओ दिली.